उंबरमाळच्या पुढची वाट

राखोली, सिल्व्हासा
१२ जानेवारी २०२६

केसरबाई,

सहाला नळ आला होता. दोन पिंपं भरली, धुणं भिजवलं, कोपऱ्यावरून दूध आणून तापवलं, त्यावर ताटली झाकली आणि मग माळ्यावरून ह्यांची पायी जायची पिशवी खाली काढली. दीड वर्षं ती तिथेच होती. उंदीर लागले का, एवढंच बघायचं होतं. पण उघडली आणि तिथेच बसून राहिले. ताटली सरकवून मांजर दूध पिऊन गेलं तरी मला कळलं नाही.

तुम्ही मला ओळखत नाही. मी ममता. इथल्या धाग्याच्या कंपनीत सुकदेव नावाचे मशीनवर होते, त्यांची बायको. ते चोवीस सालच्या श्रावणात झोपेतच गेले. चैत्रात इथल्या खानदेशी मंडळींबरोबर ते सप्तशृंगीच्या गडावर पायी जायचे. दरवर्षी सुट्टी मिळायची नाही, पण नऊ वेळा गेले.

पिशवी त्यांनीच शिवलेली आहे, कंपनीत माल भरायची मोठी पांढरी पोती येतात त्या कापडाची. आत काय निघालं ते सांगते. दोन दाभणी. नायलॉनच्या जाड धाग्याचे पाच कोन. ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या, पक्कड, सोल्युशनची सुकलेली ट्यूब, मेणबत्तीचा तुकडा. एक टॉवेल, एक सदरा, आणि बूट.

बूट मी उलटे करून पाहिले. इथून गड दीडशे किलोमीटर तरी आहे. नऊ वेळा जायला हा एकच जोड होता, कारण दुसरा मी घेतलेलाच नाही. आणि टाचेची नक्षी अजून बोटाला लागते. माझी बाजारात जायची चप्पल वर्षभरात सपाट होते.

पिशवीच्या आतल्या कप्प्यात तुमचं पोस्टकार्ड होतं. "भाऊ, येताना जाड दाभण आणा, इथल्या बाजारातली वाकते." खाली तुमचं नाव आणि पत्ता. बाकी काही नाही.

शेजारच्या कमळाबाई म्हणतात, मेलेल्या माणसाच्या पिशवीत बाईचं पत्र निघालं तर विचारू नये. मी विचारते. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं मी सामानाच्या पुड्यांचे कागद वाचून आणि इथल्या वाचनालयात बसून शिकले, आणि तेव्हापासून मला न कळलेलं तसंच ठेवता येत नाही. पायी देवाला जाणारा माणूस दाभण कशाला नेतो? ती तुम्हाला कशाला लागायची? आणि तुमचं गाव वाटेत कुठे येतं?

तुमचा फोन नंबर असता तर फोन केला असता. पण पत्र बरं, तुम्हाला विचार करून लिहिता येईल.

ममता


उंबरमाळ, ता. पेठ
२७ जानेवारी २०२६

ममतावहिनी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी अंगणवाडीत खिचडी ढवळत होते. मी तिथे मदतनीस आहे. पोस्टमन म्हणाला, मावशे, तुला पत्र कोण लिहितंय, सरकारने काढून टाकलं की काय. फोनचं म्हणाल तर तो आहे, पण रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं आणि टेकडीवर मला दम लागतो.

भाऊ गेल्याचं मागच्या चैत्रात तुमच्या पायी मंडळींतल्या भगवंतभाऊंनी सांगितलं. त्या दिवशी माझी नागलीची आंबील अर्धी उरली. तुम्हाला लिहावं असं फार वाटलं, पण काय लिहायचं ते सुचलं नाही.

आता तुमच्या प्रश्नांचं. कपराड्याचा घाट चढून आलं की पेठच्या अलीकडे आमचं गाव. सिल्व्हासाहून चौथ्या दिवशी लोक इथे पोचतात, गडाची निम्मी वाट होते. माझ्या अंगणात मोहाचं मोठं झाड आहे, त्याखाली सगळे पाठ टेकतात. इथपर्यंत येईतो कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलेला, कुणाच्या पिशवीचा बंद गेलेला, कुणाच्या बुटाचा तळ जीभ काढून बसलेला. मोहाखाली भाऊंची जागा ठरलेली. तुमची मंडळी पुढे गेली की भाऊ गोणपाट टाकून बसायचे आणि येईल त्याचं शिवून द्यायचे. मागून गुजरातेतले संघ यायचे, डहाणूकडचे यायचे. पाच-सहा दिवस हेच. पैसे घेत नसत. पायाला फोड आलेला असला तर सुईत दोरा ओवून फोडातून आरपार घालायचे आणि दोरा तसाच ठेवायचे, सकाळपर्यंत पाणी निघून जायचं. मी पण आता तसंच करते. दाभण माझ्याकडे ठेवून जायचे, वर्षभर आमच्या पाड्यातली पोती तिनेच शिवली जायची.

गडावर जायचं मात्र भाऊंचं राहूनच गेलं. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी. मंडळी गडावरून उतरली की भगवंतभाऊ सामानाचा टेम्पो इकडून वळवून त्यांना घ्यायचे.

आणि भाऊ बोलायला लागले की माणसं उठायची नाहीत. भगवंतभाऊ ओरडायचे, अरे सुकदेव, यांना चालू दे.

पिशवी उन्हात घाला, उंदराची भीती राहणार नाही.

केसर


राखोली
८ फेब्रुवारी २०२६

केसरबाई,

तुम्ही सहज लिहिलंत, "गडावर जायचं राहूनच गेलं." मला ठाऊकच असेल असं समजून लिहिलंत. मला ठाऊक नव्हतं.

मी भगवंतभावजींकडे गेले. ते अंगणात दाढी करत होते. म्हटलं, हे गडावर जात नव्हते हे खरं का. गालावर साबण तसाच ठेवून ते उठले. म्हणाले, "अहो वहिनी, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. नारळ मीच फोडायचो त्यांच्या नावाने." मग त्यांची बायकोही म्हणाली तेच, मग कंपनीतले दोघे-तिघे म्हणाले. सगळ्या सिल्व्हासाला माहीत. दर चैत्रात मी चाळीत प्रसाद वाटत "हे पायी गडावर जाऊन आले" म्हणायचे, आणि लोकांना वाटायचं, बाई नवऱ्याची बाजू सांभाळते आहे.

हे कशासाठी होतं ते तुम्हाला कदाचित त्यांनी सांगितलं नसेल. आमची जया आठ वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. अकरा दिवस तिने डोळे उघडले नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी बोलले, आई, पोर उठू दे, घरातलं माणूस पायी तुझ्या दारात येईल. पोर उठली. मी तेव्हा कोन पॅकिंगला जायचे, मला रजा नव्हती, ह्यांना मिळाली. परत आले तेव्हा हातात कुंकू लागलेलं खोबरं होतं. ते मी जयाच्या तोंडात घातलं आणि सांगितलं, पप्पा तुझ्यासाठी देवीच्या पायाशी जाऊन आले. शाळेत निबंधात तिने तेच लिहिलं, लग्नात नवऱ्याला तेच सांगितलं.

म्हणजे तो नवस सतरा वर्षं तसाच आहे. जया नाशिकला असते, तिला सातवा महिना लागला आहे. डॉक्टर तिकडचा, म्हणून बाळंतपणाला एप्रिलमध्ये मीच तिच्याकडे जाणार. माझा विश्वास किती ते मला नीट सांगता येणार नाही. भीती मात्र आहे, आणि ती तुमचं पत्र आल्यापासून आहे.

आणखी एक विचारते. तुम्ही लिहिता, भाऊ बोलायला लागले की माणसं उठायची नाहीत. हे घरी बोलत नसत. मशीनच्या आवाजाने कान गेले होते. जेवताना मी पुस्तक वाचून दाखवायचे, तेही माझीच हौस म्हणून, आणि हे ताटात बघून जेवायचे. भाजी संपली की हात धुवायला उठायचे, गोष्ट कुठे आली आहे याची पर्वा नाही. तुम्ही माझ्याच नवऱ्याबद्दल लिहिताय ना? काय बोलायचे ते?

ममता


उंबरमाळ
२३ फेब्रुवारी २०२६

वहिनी,

तुमच्याच नवऱ्याबद्दल. उजव्या भुवईत चट्टा, चहा बशीत ओतून, आणि दोरा दातानेच तोडायचे.

मला माहीत असतं की तुम्हाला ठाऊक नाही, तर मी ते वाक्य लिहिलं नसतं. आता लिहिलं ते लिहिलं.

काय बोलायचे ते सांगते. गोष्टी सांगायचे. एक ती, वादळात गलबत फुटतं आणि खलाशी बेटावर शेळ्या पाळतो ती. एक ती, सून सासूला बैलगाडीत घालून सासूच्याच माहेरी नेऊन सोडते ती. मी विचारलं, भाऊ, कुठे वाचता एवढं? म्हणाले, मी कुठला वाचतो, जयाची आई वाचते. मी म्हटलं, पण तुम्हाला तर ऐकू येत नाही. म्हणाले, डाव्या कानाने थोडं येतं, म्हणून जेवायला तिच्या उजव्या हाताला बसतो. शेवट मात्र त्यांचे स्वतःचे असायचे. गोष्ट अर्ध्यावर असतानाच उठावं लागायचं म्हणे, शिफ्टची बस चुकायची. मग उरलेली इकडे चालत येताना जुळवायचे. त्या सासूला त्यांनी एका वर्षी माहेरीच ठेवलं, दुसऱ्या वर्षी सुनेकडे परत आणलं. लोक भांडायचे, कुठली खरी. ते म्हणायचे, खरी जयाच्या आईला माहीत.

पुड्यांच्या कागदावर तुम्ही अक्षरं शिकलात, हे तर इथे निम्म्या गुजरातला माहीत आहे.

आता दुसरं. हे लिहावं की नाही याचा तीन दिवस विचार केला. पहिल्या वर्षी त्यांचे पाय फुटले होते, खरंच उठता येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी पाय चांगले होते. मी विचारलं, इतक्या जवळ येऊन का बसता? तर म्हणाले, "पुढे गेलो तर नवस फिटला. मग पुढच्या चैत्रात घरातून निघायला काय सांगू?" हसून म्हणाले, पण खरंच होतं ते. चोवीस सालच्या चैत्रात मात्र म्हणाले, आता फार झालं, जयाच्या आईला घेऊन येतो, मी इथे बसतो आणि ती पुढे जाईल, तिचाच नवस आहे.

रागवायचं असेल तर रागवा, त्यांच्यावर रागवायला तुमच्याशिवाय आहे कोण.

लेकीला सांगितलंत का?

केसर


राखोली
१२ मार्च २०२६

केसरबाई,

रागावले. दोन दिवस त्यांच्या फोटोला हार घातला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना एकदम हसू आलं, "घरातून निघायला काय सांगू" म्हणे. मला सांगायचं ना, जाऊन येतो म्हणून. मी काय अडवणार होते? मग वाटलं, अडवलंही असतं.

आणि ते उजव्या हाताला बसणं. मला वाटायचं तिथे पंख्याचा वारा लागतो म्हणून ताट सरकवतात. उन्हाळा-हिवाळा तिथेच बसायचे, तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

मी येते आहे. मंडळी २५ तारखेला निघणार, पहिला मुक्काम गलोंड्याला. भगवंतभावजी म्हणाले, वहिनी, टेम्पोत बसा, सामानाबरोबर आरामात याल. मी म्हटलं, टेम्पोतला नवस मी बोलले नव्हते.

चौपन्न वय आहे आणि बाजारापलीकडे चालायची सवय नाही, म्हणून महिनाभर सराव करते आहे. आधी पुलापर्यंत, मग सिल्व्हासापर्यंत, आणि रविवारी वासोण्यापर्यंत जाऊन आले. तिथल्या सफारीत सिंह बघायला आलेल्या गाड्या थांबून विचारतात, मावशी, सोडू का कुठे? एका गुजराती बाईने जबरदस्तीने ताक पाजलं. मी चालायचं म्हणून चालते आहे हे तिला पटेना, शेवटी म्हणाली, डॉक्टरने सांगितलं असेल.

कमळाबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुना नवरा देवीपेक्षा चपलास्ना भक्त निंघना व माय." दोघी इतक्या हसलो की वरच्या मजल्यावरची माणसं वाकून बघायला लागली.

सामान असं घेतलं आहे. त्यांचीच पिशवी, खांद्याला टोचायची तिथे जुन्या गोधडीचा तुकडा शिवला. दोन साड्या, एक पातळ चादर, सुती मोजे तीन जोड, खोबरेल, मीठ, बॅटरी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, दशम्या निघायच्या आदल्या रात्री दुधात पीठ भिजवून करीन, म्हणजे तीन दिवस टिकतील. दाभण आणि धागा सगळाच घेतला. त्यांचे बूट मला मोठे होतात. नवे घेऊ का?

जयाला सांगितलेलं नाही. फोनवर ती म्हणाली, मम्मी तू पण पप्पांसारखी गडावर चाललीस, आणि तिचा आवाज असा झाला की मी पाणी आल्याचं सांगून फोन ठेवला.

ममता


उंबरमाळ
१८ मार्च २०२६

वहिनी,

हे कार्ड वेळेत पोचू दे. नवे बूट अजिबात नको, पायातली सॅंडलच घाला, बंद मागे असलेली. मोज्यांना आतून साबण फासा. चादर कमी करा, रात्री माझ्याकडे घोंगडी आहे. घाटात पाणी बसून प्या. कपराड्यापुढे डाव्या बाजूला शाळा आहे, तिथला भास्कर शिपाई भाऊंना ओळखतो, नाव सांगा, पाय बुडवायला गरम पाणी देईल.

लेकीचं मी पुन्हा विचारत नाही. विचारलं असं समजा.

केसर


नाशिक
६ एप्रिल २०२६

केसरबाई,

तुमच्या अंगणातून निघून आठ दिवस झाले. माझ्या पायाचा अंगठा अजून काळा आहे, बाकी बरी आहे.

मोहाखाली मी बसले नाही, हे तुम्हाला खटकलं असेल. तुम्ही गोणपाट टाकून ठेवलं होतं ते मी पाहिलं. बसले असते तर उठले नसते. तिथपर्यंतच्या वाटेवर सगळीकडे तेच भेटत होते. भास्करने गरम पाणी दिलं आणि त्यांची खलाशाची गोष्ट मलाच ऐकवली, शेवट वेगळाच. घाटातल्या चहावाल्याने ओळख लागल्यावर माझा चहा बशीत ओतूनच दिला. उंबरमाळपर्यंत मी सुकदेवची बायको होते. तुमचं अंगण सोडलं आणि आमच्या मंडळींशिवाय मला ओळखणारं कुणी राहिलं नाही. पहिला तासभर मला चालताच येईना. मग लक्षात आलं, ही वाट त्यांनी पाहिलेली नाही. तेव्हापासून मी नीट बघायला लागले.

म्हणून तुम्हाला सांगते, तुम्हीही तिकडे गेला नाहीत म्हणालात.

ननाशीच्या अलीकडे एक पुण्याचा मुलगा भेटला, निखिल. कंपनीत इंजिनिअर आहे, दोन महिने रजा काढून डोंगराच्या कडेने एकटा चालला आहे, थेट गोव्याकडे. त्याच्याकडे सगळंच हलकं. चूल मुठीएवढी, तंबू उशीएवढा. वजन नको म्हणून टूथब्रशची दांडीसुद्धा कापलेली. त्याने माझी पिशवी काट्याला लावून तोलली आणि उघडून दाखवायला सांगितली. दगडी खलबत्ता कशाला, म्हणाला. मी म्हटलं, दशम्या संपल्यावर चटणी कशात कुटू? तो भगवंतभावजींकडे बघायला लागला. भावजी म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस, मला आजच कळलं." पिशवीचं कापड मात्र त्याला फार आवडलं, बोटांनी चाचपून विचारत होता कुठल्या देशाचं. त्याला नायलॉनचा एक कोन दिला. त्याने मला काठी दिली, दुमडणारी. ती घेऊन चढ सोपा जातो, हे खरं आहे.

पुढे दिंडोरीकडची द्राक्षं सुरू झाली. तोडणी चालली होती. एका मळ्यातल्या बाईने, नीलिमा नाव तिचं, आम्हाला सावलीत बसवून टोपलीभर द्राक्षं पुढे ठेवली आणि विचारलं, नवस कसला? मी सगळ्यांसमोर सांगितलं. मी बोललेला, नवऱ्याने न फेडलेला, आणि का फेडला नाही तेही. मोठ्याने सांगायची पहिलीच वेळ. ती टोपलीतले खराब मणी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "बरं केलं त्यांनी. फेडला असता तर तुम्ही कुठे आला असता इकडे?" मला तिचा राग आला. दोन किलोमीटर राग टिकला.

गडावर खानदेशातून आलेल्यांचा पूर लोटला होता, जिकडेतिकडे अहिराणी. माहेरी आल्यासारखं वाटलं. ट्रॉलीने पायऱ्या टाळता येतात, भावजींनी दोनदा आठवण करून दिली. पायऱ्यांनी गेले. देवीसमोर उभं राहायला मिळालं ते दोन श्वास, मागून ढकलत होते. काय काय बोलायचं ते वाटभर ठरवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, उशीर झाला.

खाली उतरून एका दगडावर बसले. काहीतरी मोठं वाटेल असं वाटलं होतं. पोटऱ्या दुखत होत्या, आणि ह्यांची आठवण रोज येते तेवढीच आली, कमी नाही, जास्त नाही. भीती मात्र शोधली तर जागेवर नव्हती.

तेवढ्यात जयाचा फोन आला. झालं का दर्शन, म्हणाली. झालं म्हटलं. ती म्हणाली, मम्मी, पप्पा जिथे नऊ वेळा उभे राहिले तिथे तू पण उभी राहिलीस. आजूबाजूला ढोल इतके वाजत होते की मला ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. ह्यांनी तसंच केलं असतं. मी म्हटलं, उद्या येते, मग बोलू.

मुक्काम वणीला भगवंतभावजींच्या पाहुण्यांकडे होता. मंडळींचा टेम्पो सिल्व्हासाला परत जायचा होता, भावजी म्हणाले, सरळ घरी चला, पाय बघा कसे झालेत, बाळंतपणाला अजून दिवस आहेत. मी माझी पिशवी टेम्पोतून उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नाशिकला आले, जयाच्या समोर बसले आणि तिचे पप्पा कुठपर्यंत चालत जायचे ते तिला सांगितलं.

ममता